‘घरास कुलूप आढळले’: बजावणीचा अहवाल कसा वाचायचा?

दिवाणी दाव्याची फाइल हातात आली की आपण सगळे सरळ निकालपत्राकडे धावतो. त्याच फाइलमध्ये मागे कुठेतरी समन्सचा कागद असतो आणि त्याच्या पाठीमागे बेलीफाने हाताने लिहिलेल्या चार ओळी. मजकूर साधारण असा: दिलेल्या पत्त्यावर गेलो, घरास कुलूप आढळले, शेजारी चौकशी केली, प्रतिवादी बाहेरगावी असल्याचे समजले, सबब प्रत दरवाजावर चिकटवली. पुढच्या तारखेला रोजनाम्यात नोंद होते की बजावणी झाली, पुकारा केला, प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा. मग हुकूमनामा, दरखास्त आणि शेवटी कब्जा वॉरंट. घर खाली करायला माणसं दारात येतात, तेव्हा भाडेकरूला पहिल्यांदा कळतं की आपल्यावर दावा होता.

या लेखात मला एकच गोष्ट तपासायची आहे. त्या चार ओळींना आपला कायदा ‘बजावणी’ म्हणतो, ते कशाच्या जोरावर? आणि आपण संशोधक ‘एकतर्फी’ हा शब्द वाचून प्रतिवादीला दाव्यात रस नव्हता असं गृहीत धरतो, ते तरी कशाच्या जोरावर? हे लिहिताना डोळ्यांसमोर बीड जिल्हा ठेवलाय. तिथे घराला कुलूप असण्याला एक ठरलेला हंगाम आहे.

आधी दोन कागद वेगळे करू

नव्याने वाचणारे ‘नोटीस’ आणि ‘समन्स’ एकच समजतात. नोटीस घरमालकाची असते आणि दाव्याच्या आधी येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे भाडं थकल्याच्या कारणावरून दावा लावायचा, तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस जावे लागतात. ही नोटीस कशी द्यायची ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ मध्ये आहे. त्यातही शेवटचा उपाय म्हणून जागेच्या ठळक भागावर चिकटवण्याची सोय आहे. नोटिशीत खोट निघाली तर दाव्याचा पायाच हलतो.

समन्स कोर्टाचं. त्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ मध्ये. समन्सच्या बजावणीत खोट निघाली तर दावा बुडत नाही, पण आदेश ९ नियम १३ खाली एकतर्फी हुकूमनामा रद्द होऊ शकतो आणि दावा पुन्हा चालतो. हुकूमनामा अजून झालाच नसेल तर त्याच आदेशाचा नियम ७ आहे, तो सोपा मार्ग. दोन्ही कागदांवरची भांडणं वेगळी, पुरावा वेगळा, मिळणारा दिलासाही वेगळा.

मराठवाड्याच्या जुन्या फाइली बघणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. ३१ मार्च २००० ला नवा कायदा लागू झाला. त्याआधी इथे मुंबईचा १९४७ चा कायदा चालत नव्हता. बीड हैदराबाद संस्थानातून आलेलं, म्हणून १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा चालत होता आणि घर खाली करण्याचे अर्ज भाडे नियंत्रकापुढे जात. मुंबईच्या संशोधनातली चौकट उचलून इथे लावली तर चुकीच्या दप्तरात शोधत बसाल.

नियम १७ ची उलटी चाल

आता आदेश ५ क्रमाने वाचा. नियम १२ म्हणतो, शक्य असेल तिथे समन्स प्रतिवादीच्या हातात किंवा ते घेण्याचा अधिकार दिलेल्या प्रतिनिधीच्या हातात द्या. नियम १५ म्हणतो, तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नसेल, तर सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीला द्या. नियम १७ म्हणतो, घेण्यास नकार दिला किंवा योग्य आणि वाजवी प्रयत्न करूनही माणूस सापडला नाही, आणि घ्यायला दुसरं कुणी नाही, तर तो सामान्यतः राहतो त्या घराच्या बाहेरच्या दारावर प्रत चिकटवा. नियम १७ आणि १८ प्रमाणे बेलीफाने वेळ, पद्धत आणि घर दाखवणाऱ्याचं व साक्षीदाराचं नाव-पत्ता लिहायचा. नियम १९ मध्ये कोर्टाचं काम येतं. चिकटवून केलेल्या बजावणीचा अहवाल शपथेवर नसेल तर कोर्टाने बेलीफाला शपथेवर तपासलंच पाहिजे; शपथेवर असेल तर तपासणं कोर्टाच्या मर्जीवर. आणि मग बजावणी झाली की नाही ते कोर्टाने ठरवायचं.

नियम १७ पुन्हा वाचा. माणूस लवकर सापडणार नाही, हे चिकटवण्याची परवानगी मिळण्याचं कारण आहे. म्हणजे तो जितका लांब आणि जितके जास्त दिवस गेलेला, तितकं दारावर चिकटवणं कायद्यात बसतं. पण दारावरचा कागद त्याला दिसण्याची शक्यताही नेमकी तितकीच कमी होत जाते. कागद पोचणार नाही याचं जे कारण, तेच कागद पोचला असं मानण्याचं कारण होऊन बसतं. माझा मुख्य आक्षेप इथे आहे.

बीडमध्ये हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे किंवा थेट कर्नाटकात कारखान्याच्या फडावर मुक्काम पडतो. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. समजा, धारूर किंवा पाटोद्याकडचं असं एक कुटुंब गावाशेजारच्या शहरात खोली भाड्याने घेऊन आहे. पोरं तिथल्या शाळेत, भाडं थोडं थकलेलं. दावा नोव्हेंबरात दाखल झाला, डिसेंबरात बेलीफ गेला, दाराला कुलूप. फेब्रुवारीत एकतर्फी हुकूमनामा. या सगळ्यात बेलीफाने खोटं काही लिहिलेलं नाही. कुलूप खरं होतं, कागदही खरंच चिकटवला होता.

दुसरी शक्यता आणखी अवघड आहे. घराला कुलूप नाही, म्हातारी आई मागे राहिलीय. तिने कागद घेतला, अंगठा दिला. नियम १५ प्रमाणे ही बजावणी पक्की. त्या कागदावर तारीख कुठली आणि कोर्ट कुठलं, हे तिला वाचता येतं का, असा प्रश्न नियम विचारतच नाही.

२००२ चा निकाल: दोन बळकट फरक, एक पोकळी

या विषयावर वकील मंडळी हमखास दाखवतात तो सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल, (२००२) ५ एससीसी ३७७. जागा खाली करून घेण्याच्या दाव्यातला एकतर्फी हुकूमनामा तिथे रद्द झाला. बजावणीच्या अहवालात भाडेकरूने समन्स घेण्यास नकार दिल्याचा शेरा होता आणि खालच्या कोर्टांनी तो तसाच मान्य केला होता.

या निकालाने दोन फरक स्पष्ट केले. पहिला, बजावणीतली ‘अनियमितता’ वेगळी आणि ‘बजावणीच न होणं’ वेगळं. दुसरा त्याहून महत्त्वाचा. आदेश ९ नियम १३ ला १९७६ च्या दुरुस्तीने एक परंतुक जोडलं, ते १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू आहे. बजावणीत नुसती अनियमितता असेल, पण प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळही होता, तर हुकूमनामा रद्द करू नये, असं ते सांगतं. न्यायालयाने म्हटलं की इथे ‘सुनावणीच्या तारखेची’ माहिती बघायची, ‘दावा चालू असल्याची’ माहिती पुरत नाही. टोळीवर असलेल्या माणसासाठी हा फरक फार मोलाचा आहे. गावाकडून फोन आला की ‘तुमच्या दाराला कोर्टाचा कागद लागलाय’, तर त्याला दावा कळला. तारीख कळली असं त्यावरून म्हणता येत नाही.

निकाल चांगला आहे, पण तो कुठे थांबतो तेही बघा. तिथला वाद होता, अहवालात लिहिलंय तसं खरंच घडलं का? म्हणजे शंका बेलीफाच्या शब्दावर होती. आपल्या कुलपाच्या उदाहरणात बेलीफाचा शब्द पूर्ण खरा आहे आणि तरीही माणसाला काहीच कळलेलं नाही. अहवाल खोटा पाडणाऱ्याला हा निकाल मदत करतो. अहवाल खरा असूनही निरुपयोगी होता, असं म्हणणाऱ्याला ‘योग्य आणि वाजवी प्रयत्न’ या चारच शब्दांवर लढावं लागतं. बेलीफ किती वेळा गेला? वेगवेगळ्या वेळी गेला का? शेजाऱ्यांनी ‘कारखान्यावर गेलेत’ सांगितलं तर कुठला कारखाना, कोण मुकादम, हे विचारलं का? सांगितलेलं वादीला कळवलं का? नियम २१ प्रमाणे समन्स दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीतही पाठवता येतं. म्हणजे कायद्यात वाट आहे. मात्र मुकादमाच्या हातात कागद दिला म्हणून बजावणी झाली असं होत नाही. तो प्रतिवादीने अधिकार दिलेला प्रतिनिधी नव्हे.

लुइव्हिलच्या दारावरचे कागद

हाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८२ मध्ये आला. केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात सरकारी घरकुलांमधल्या भाडेकरूंवर घर खाली करण्याचे समन्स दारावर चिकटवून बजावले जात. भाडेकरू म्हणाले, आम्ही ते कधी पाहिलेच नाहीत. ताबा घेण्याचा हुकूम आला तेव्हाच कळलं. समन्स बजावणाऱ्यांनी स्वतःच साक्षीत सांगितलं की चिकटवलेले कागद पोरं काढून नेतात, हे काही क्वचित घडत नाही. ‘ग्रीन विरुद्ध लिंडसे’ या निकालात सहा विरुद्ध तीन मतांनी ठरलं की त्या वस्तीत नुसतं दारावर चिकटवणं पुरेसं नाही. पोस्टानेही पाठवायला हवं होतं.

विचारण्याची पद्धत इथे बदलते. तिथल्या बहुमताने बघितलं की या ठिकाणी, या लोकांपर्यंत, ही पद्धत पोचते का. आपल्याकडे बघितलं जातं की नियमातली पायरी पाळली का. अल्पमतातल्या न्यायमूर्तींचा मुद्दाही सोडू नका: अशा वस्तीत पत्रपेट्यासुद्धा सुरक्षित नसतात, मग पोस्टावर तरी भरवसा कशाला?

आता एक तपशील आपल्याकडचा. बेलीफासोबतच रजिस्टर पोस्टानेही समन्स पाठवा, असं सांगणारा नियम १९-अ आपल्या संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने आला होता. १ जुलै २००२ पासून तो वगळला गेला. त्याच वेळी कुरिअर, फॅक्स, ई-मेल असे पर्याय नियम ९ मध्ये आले. पर्याय वाढले, पण दोन्हीकडून पाठवण्याची सक्ती गेली. भाडे कायद्याच्या कलम ४३ मध्ये, म्हणजे सक्षम प्राधिकाऱ्यापुढच्या झटपट प्रक्रियेत, बेलीफ आणि पोस्ट दोन्ही ठेवलेत. पण तिथे समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागितली नाही, तर घरमालकाचं म्हणणं मान्य धरलं जातं. म्हणजे बजावणीची तारीख चुकीची धरली गेली की सगळंच गेलं.

मुंबईच्या फूटपाथवरून

नोटिशीचा विचार आपल्याकडे सर्वांत खोलवर झाला तो ‘ओल्गा टेलिस’ निकालात. १० जुलै १९८५, पाच न्यायमूर्ती, सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ विनानोटीस अतिक्रमण काढण्याचा अधिकार देतं. न्यायालय म्हणालं, हा अधिकार आहे, हुकूम नाही. एरवी नोटीस द्यायलाच हवी. ऐकून घेण्याला दोन प्रकारचं मोल आहे, असंही निकाल सांगतो. एक म्हणजे त्यातून निर्णय बरोबर होण्याची शक्यता वाढते. दुसरं म्हणजे ज्याचं घर जाणार त्याच्याशी माणूस म्हणून बोललं जातं.

हे वाचताना मान डोलते, पण निकालाचा शेवट तपासा. महापालिकेने न दिलेली संधी आम्हीच इथे पुरेपूर दिली, असं म्हणून न्यायालयाने त्या लोकांना परत सुनावणीसाठी पाठवलं नाही. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, झोपड्या काढू नका, असं सांगितलं. हक्क मान्य झाला, घर वाचलं नाही. ‘तुला नोटीस मिळाली असती तरी तू काय वेगळं सांगणार होतास?’ हा प्रश्न तिथून पुढे बजावणीच्या प्रत्येक वादात मागच्या दाराने आत येतो. माझ्या मते तो निकालाच्या स्वतःच्याच तर्काला छेद देतो. ऐकून घेण्याला स्वतंत्र मोल असेल, तर शेवट ठरलेला आहे म्हणून ऐकणं टाळता येत नाही.

१३ नोव्हेंबर २०२४ ला बुलडोझर कारवाईवर सर्वोच्च न्यायालयाने जे निर्देश दिले, त्यात नोटीस रजिस्टर पोस्टाने, शिवाय बांधकामावर चिकटवून, किमान १५ दिवसांची मुदत आणि मागची तारीख टाकता येऊ नये म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाला लगेच ई-मेल, इतकं सगळं आहे. पण रस्ता, फूटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत. म्हणजे ओल्गा टेलिसमधली माणसं इथे बाहेरच राहिली. आणि पालिकेच्या नोटिशीसाठी जी काळजी न्यायालयाने सांगितली, तेवढी काळजी नियम १७ खाली दारावर लागणाऱ्या खुद्द न्यायालयाच्या समन्सला नाही.

दुसरी बाजूही खरी आहे

घरमालकांची तक्रार खोटी नाही. समन्स टाळणारे भाडेकरू असतात. बेलीफ दिसला की मागच्या दाराने जाणारे असतात. भाड्यावरच पोट असलेली एखादी विधवा घरमालकीण वर्षानुवर्षं थांबू शकत नाही. १९७६ चं परंतुक अशा टाळाटाळीला आळा घालायलाच आलं. म्हणून चिकटवणं बंद करा असं मी म्हणत नाही. टाळणारा आणि कामावर गेलेला, हे दोघं एकाच नियमात एकाच शेऱ्याखाली येतात, त्यांना वेगळं करा, एवढंच म्हणणं आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका क्रेडिट कार्ड कंपनीच्या प्रकरणात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस, ती पोचल्याच्या आणि उघडल्याच्या खुणा बघून, ग्राह्य धरली. घराला कुलूप असलं तरी फोन खिशात असतो. तो फोन घरात एकच असेल, नंबर बदललेला असेल, मजकूर वाचता येत नसेल, या अडचणी आहेतच. तरी ‘ही पद्धत या माणसापर्यंत पोचते का’ हा प्रश्न निदान विचारला जातो.

संशोधन करणाऱ्यांसाठी

एकतर्फी हुकूमनाम्यांवर काम करायचं असेल तर निकालपत्रावर थांबू नका. समन्स, त्यामागचा अहवाल आणि रोजनामा, तिन्ही मागवा आणि प्रत्येक फाइलला हे प्रश्न विचारा:

- बजावणी हातात झाली, कुटुंबातल्या कुणाला दिली, की दारावर चिकटवून झाली? चिकटवून झाली असेल तर तारीख कुठल्या महिन्यातली?
- साक्षीदाराचं नाव आणि पत्ता आहे का? साक्षीदार वादीचाच माणूस आहे का?
- बेलीफाची शपथेवर तपासणी झाली का? बजावणी झाली असं कोर्टाने ठरवल्याची नोंद आहे, की फक्त शिक्का?
- जाहीर समन्स वर्तमानपत्रात दिलं असेल, तर नियम २० प्रमाणे प्रतिवादी टाळतोय किंवा साध्या मार्गाने बजावणी शक्य नाही, असं कोर्टाने कशावरून मानलं?
- हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज आला का, आणि किती दिवसांनी?

शेवटच्या प्रश्नात मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद १२३ येतो. मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलं असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. आणि नियम २० खालची पर्यायी बजावणी, म्हणजे जाहीर समन्स वगैरे, या कामापुरती रीतसर बजावणी मानली जात नाही, असं स्पष्टीकरण तिथेच आहे. अनेक अर्जांत हे नीट मांडलेलंच नसतं. ‘मला समन्स मिळालं नाही’ एवढं एक वाक्य लिहून अर्ज दिला जातो. कुठला नियम कुठे मोडला, आपण तेव्हा कुठे होतो, दाव्याची आणि तारखेची माहिती नेमकी कधी झाली, याचा पुरावा जोडलेला नसतो. कारखान्याची पावती, मुकादमाशी झालेला करार, हंगामी वसतिगृहात किंवा दुसऱ्या शाळेत पोरांचं नाव असल्याची नोंद, हे कागद इथे कामाला येतात.

एक सावधगिरी. सगळी कुलपं ऊसतोडीची नसतात. बीडच्या फाइलींत हंगामातल्या एकतर्फी हुकूमनाम्यांचं प्रमाण खरंच जास्त निघतं का, हे मोजल्याशिवाय बोलू नका. जून ते सप्टेंबरमधल्या बजावणीशी तुलना करा. फरक निघाला नाही तर तेही लिहा. पण मोजताना ‘गैरहजर’ या एका रकान्यात सगळ्यांना कोंबू नका. गैरहजर राहिलेला आणि कळलंच नाही म्हणून न आलेला, या दोघांसाठी वेगळे रकाने करा. त्यासाठी लागणारी माहिती त्याच चार ओळींत आहे, समन्सच्या पाठीमागे.